चौदा डॉलरचा स्वयंपाक

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या माँटगोमेरी शहरातल्या त्या बसमध्ये ३६ जागा होत्या. पुढच्या १० गोऱ्यांच्या. बस रिकामी धावत असली तरी काळ्या माणसानं तिथं टेकायचं नाही. मागच्या १० काळ्यांच्या. मधल्या १६ ड्रायव्हरच्या मर्जीवर. पुढच्या जागा भरल्या आणि एखादा गोरा प्रवासी उभा राहिला, की मधली अख्खी रांग उठायची. एकानं उठून भागत नसे, कारण मधे वाट असली तरी एकाच रांगेत गोरा आणि काळा बसलेला चालत नव्हता. १ डिसेंबर १९५५, गुरुवार संध्याकाळ. उभा होता एक गोरा माणूस, उठायला सांगितलं गेलं चौघांना. तिघं उठले. रोझा पार्क्स खिडकीकडे सरकल्या आणि बसून राहिल्या.

पैसे देण्याचीही रीत ठरलेली होती. पुढच्या दारानं चढायचं, १० सेंट टाकायचे, परत खाली उतरायचं आणि मागच्या दारानं आत शिरायचं. पुढच्या दारापासून मागच्या दारापर्यंत जेमतेम आठ-दहा पावलं. तेवढ्यात कधीकधी बस निघून जायची, पैसे घेऊन. ऑक्टोबर १९५५ मध्ये जॉर्जिया गिलमोर यांच्या बाबतीत हेच झालं. सहा मुलांची आई, सुईण, आणि पोटासाठी एका खानावळीत स्वयंपाकीण. पैसे दिले, उतरल्या, आणि बस गेली. त्यांनी त्या दिवसापासून बसमध्ये पाय टाकायचा नाही असं स्वतःपुरतं ठरवून टाकलं. शहरातल्या कृष्णवर्णीयांचा बसवरचा बहिष्कार सुरू व्हायला अजून दोन महिने होते.

अमेरिकेतल्या या लढ्याची गोष्ट आपल्याकडे शाळेच्या पुस्तकातून येते ती फार आटोपशीर असते. थकलेली शिवणकाम करणारी बाई, तिचा नकार, मग तरुण मार्टिन ल्यूथर किंग आणि त्यांची भाषणं. पार्क्स थकून बसल्या नव्हत्या. ४२ वर्षांच्या त्या बाई कित्येक वर्षं हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनेच्या शहर शाखेच्या सेक्रेटरी होत्या. त्यांच्या आधी २ मार्चला १५ वर्षांची क्लॉडेट कॉल्व्हिन आणि २१ ऑक्टोबरला १८ वर्षांची मेरी लुईस स्मिथ याच कारणावरून पकडल्या गेल्या होत्या. त्याहीआधी, २१ मे १९५४ रोजी, इंग्रजीच्या प्राध्यापिका जो अॅन रॉबिन्सन यांनी महापौरांना पत्र लिहून बजावलं होतं: बसमधले तीन चतुर्थांश प्रवासी कृष्णवर्णीय आहेत, त्यांनी बसमध्ये बसणं सोडलं तर बस चालणार नाही. ठिणगी पडली तेव्हा सरपण दीड वर्षापासून रचून ठेवलेलं होतं.

माणूस माणसाशी चांगलं वागतो म्हणजे नेमकं काय करतो, हे मला या बहिष्काराच्या ३८१ दिवसांच्या हिशेबात जितकं स्पष्ट दिसतं तितकं क्वचितच कुठे दिसतं. भाषणं मोठी होती, त्यांचं मोल आहेच. पण सकाळी सहाला कामावर पोचायचं असलेल्या बाईला भाषणानं नेता येत नाही. तिला गाडी लागते. गाडीला पेट्रोल लागतं, विमा लागतो, ड्रायव्हर लागतो, आणि ती कुठल्या कोपऱ्यावर थांबणार हे आदल्या दिवशी ठाऊक असावं लागतं.

पार्क्स यांच्या अटकेच्या रात्रीच रॉबिन्सनबाई कॉलेजात गेल्या. एक सहकारी प्राध्यापक आणि दोन विद्यार्थी मदतीला. मजकूर लहान ठेवला आणि एका कागदावर तीनदा बसवला, म्हणजे स्टेन्सिल मशिनवर एक कागद निघाला की कापून तीन पत्रकं व्हायची. पहाटे चारपर्यंत हजारो पत्रकं कापून, गठ्ठे बांधून तयार होती. दिवस उजाडल्यावर ती शाळांच्या दारात, दुकानांत, सलूनमध्ये, कारखान्यांत पोचली. मागणी एका दिवसाची होती: सोमवारी, ५ डिसेंबरला, बसमध्ये चढू नका. त्या दिवशी बसगाड्या जवळपास रिकाम्या धावल्या. त्याच दिवशी कोर्टानं पार्क्स यांना दंड ठोठावला, १० डॉलर आणि वर खर्चाचे ४. रात्री होल्ट स्ट्रीटवरच्या चर्चमध्ये माणूस मावेना आणि एक दिवसाचा बहिष्कार मागण्या मान्य होईपर्यंत चालवायचं ठरलं. मागण्या किती साध्या होत्या ते पाहिलं की आजही गलबलून येतं. ड्रायव्हरनी नीट बोलावं. जो आधी येईल तो बसेल, काळे मागून भरत येतील, गोरे पुढून, पण बसलेल्याला उठवू नये. काळ्या वस्त्यांतून जाणाऱ्या मार्गांवर काळे ड्रायव्हर नेमावेत. वेगळं बसवणं बंद करा असंही म्हटलेलं नव्हतं! तेवढंही नाकारलं गेलं, म्हणून मग पुढे सगळंच मागावं लागलं.

शहरात रोज साधारण साडेसतरा हजार कृष्णवर्णीय प्रवासी बसनं ये-जा करत. त्यांना कसं नेणार? पहिले काही दिवस टॅक्सीवाल्यांनी सांभाळून घेतलं. काळ्या मालकांच्या टॅक्सी कंपन्या होत्या १८, गाड्या दोनशेच्या वर. त्यांनी माणशी १० सेंट, म्हणजे बसइतकंच भाडं घ्यायचं कबूल केलं. पोलीस आयुक्तांनी जुना नियम उकरून काढला: टॅक्सीचं किमान भाडं ४५ सेंट, त्याखाली घेतलं तर गुन्हा. धुणीभांडी करणाऱ्या बाईला जाता-येता ९० सेंट परवडणं शक्यच नव्हतं.

तेव्हा किंगनी लुइझियानातल्या बॅटन रूज शहरातल्या टी. जे. जेमिसन या पाद्र्यांना फोन लावला. १९५३ च्या जून महिन्यात त्यांनी असाच एक छोटा बहिष्कार खासगी गाड्यांवर चालवला होता. त्यांच्याकडून मिळालेल्या अनुभवातली सगळ्यांत कामाची गोष्ट पैशाची होती. गाडीत बसणाऱ्याकडून एक सेंटही घ्यायचा नाही. घेतला की ती विनापरवाना टॅक्सी ठरते आणि पोलिसांना आयतं निमित्त मिळतं. प्रवास फुकट, आणि खर्च सभांमधून वर्गणी करून भागवायचा.

मग उभी राहिली ती व्यवस्था मला कुठल्याही भाषणापेक्षा जास्त भारावून टाकते. सुमारे ३०० गाड्या. सकाळी लोकांना घेऊन निघायची ४८ ठिकाणं, संध्याकाळी परत आणायची ४२. सकाळची ठिकाणं काळ्या वस्त्यांत, बहुतेक चर्चच्या दारात. पाद्री पहाटे दार उघडत, थंडीच्या दिवसांत शेगडी पेटवून ठेवत, म्हणजे म्हातारी माणसं गाडी येईपर्यंत उबेला बसतील. संध्याकाळची ठिकाणं गोऱ्यांच्या वस्त्यांत, जिथे या बायका दिवसभर राबत. अडचण अशी, की त्या वस्त्यांची कुणालाच पुरती माहिती नव्हती. कामाचं घर तेवढं ठाऊक, पलीकडची गल्ली नाही. ती अडचण पोस्टात काम करणाऱ्यांनी सोडवली. टपाल वाटून वाटून त्यांना शहराचा कोपरान् कोपरा पाठ होता, नकाशावर कुठली खूण कुठे करायची ते त्यांनी सांगितलं. शहराच्या मध्यावर एका काळ्या माणसाची गाड्या लावायची जागा होती, तिथे गाडी बदलायची सोय केली, आपण एसटी स्टँडवर करतो तशी. कोण कुठल्या गाडीत, कुठली गाडी किती वाजता, हे सांगायला माणसं नेमली. काही दिवसांतच ही घडी अशी बसली, की बसव्यवस्थेतून हाकलले गेलेले लोक स्वतःची बसव्यवस्था चालवत होते.

बिघाड रोजचे होते. पोलीस कोपऱ्याकोपऱ्यावर गाड्या अडवत. दिव्याची काच तडकलीय, हात दाखवला नाही, वेग जास्त आहे. खुद्द किंगना २५ च्या हद्दीत ३० नं गाडी हाकली म्हणून कोठडीत टाकलं. रॉबिन्सनबाईंना थोड्याच महिन्यांत दंडाच्या १७ पावत्या मिळाल्या, आणि एका रात्री पोलिसांच्या गणवेशातल्या दोघांनी त्यांच्या गाडीवर अॅसिड ओतलं. चर्चच्या नावावर स्टेशन वॅगन घेतल्या, त्यांना लोक चाकांवरची चर्चं म्हणू लागले. मग विमा कंपन्यांनी हात वर केले. एकामागून एक पॉलिसी रद्द होत गेल्या आणि विमा नसलेली गाडी रस्त्यावर काढता येईना. शेवटी अटलांटातल्या एका कृष्णवर्णीय विमा एजंटामार्फत लंडनच्या लॉइड्सकडून विमा मिळाला. माणुसकीच्या गोष्टीत विम्याची पॉलिसी कुणी लिहीत नाही, लिहायला हवी. ती मिळाली नसती तर शेकडो पावलं थांबली असती, आणि सहानुभूतीनं त्यांना पुढे नेलं नसतं.

हे सगळं चालवायला महिन्याला सुमारे ५००० डॉलर लागत. देशभरातून पैसे येत होतेच, पण गावातल्या गावात एक झरा होता त्याचं नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. कुठूनच नाही, असा क्लब.

तो जॉर्जिया गिलमोर यांचा. त्यांनी आणि मैत्रिणींनी आपसात १४ डॉलर जमवले, कोंबड्या, पाव आणि लेट्यूसची पानं आणली, रात्री चिकन तळलं, सँडविच बांधली आणि सभेला जाऊन विकली. पार्क्स यांना झालेला दंडही १४ डॉलरच होता. हा योगायोग, पण मला तो विसरता येत नाही. मग भाजलेले गोड ‘पाय’ (pie) आणि केक आले, मासे आणि भाजीचं जेवण आलं. आठवड्याला शे-दोनशे डॉलर जमायला लागले. स्वयंपाक करणाऱ्या बायका बहुतेक गोऱ्यांच्या घरी कामाला. त्या कशात आहेत हे कळलं तर दुसऱ्या दिवशी नोकरी गेली. म्हणून कुणाची नावं कुठे लिहायची नाहीत. कोणी किती केलं, कोणी किती दिलं, ते फक्त गिलमोर यांना ठाऊक. काही केक गोऱ्या गिऱ्हाइकांनीही विकत घेतले, सलूनमध्ये, लाँड्रीत. पैसे कुठून आले असं विचारलं तर उत्तर तयार होतं: कुठूनच नाही. सभेत त्या पुढे येत, रक्कम सांगत, आणि लोक उभे राहून टाळ्या वाजवत. पलीकडच्या वस्तीतल्या बायकांनी मग दुसरा क्लब काढला. कोण जास्त जमवतं याची चुरस लागली, आणि पेट्रोलचं बिल भागत राहिलं.

मार्च १९५६ मध्ये बहिष्कार चालवल्याबद्दल किंग यांच्यावर खटला चालला तेव्हा गिलमोर यांनी साक्ष दिली. बसबाबत घडलं ते सगळं सांगितलं. खानावळीतली नोकरी गेली. किंगनी सुचवलं, घरीच स्वयंपाक करून विका, आणि सुरुवातीच्या भांड्याकुंड्यांना मदत केली. मग त्यांच्या घरात दुपारच्या जेवणाला वकील, पाद्री, टॅक्सीवाले, पोलीस, सगळे दाटीवाटीनं एका टेबलाभोवती बसू लागले. ज्या शहरात काळ्यांना आणि गोऱ्यांना एकत्र जेवायला जागा नव्हती, तिथे ती पंगत झाली. पंगत म्हणजे काय आणि तिच्यातून उठवणं म्हणजे काय, हे आपल्याला दुसऱ्यांनी समजावून सांगायची गरज नाही.

आता गोऱ्या बायकांबद्दल. महापौरांनी जानेवारी १९५६ मध्ये गोऱ्या घरमालकिणींना बजावलं, की मोलकरणींना गाडीनं आणू-सोडू नका, बहिष्कार टिकतोय तो तुमच्यामुळे. कित्येकींनी ऐकलं नाही. माझं धुणं धुवायला आणि पोरं सांभाळायला महापौर येणार असतील तर मी सोडते तिला, असं त्यांतल्या काहींचं उत्तर होतं. पार्क्स यांना जामिनावर सोडवायला गेलेल्या तिघांमध्ये व्हर्जिनिया डर आणि त्यांचे वकील पती, हे दोघं गोरे होते. या बाईंनी पुढे लिहून ठेवलेलं एक निरीक्षण फार खोलवर जातं. मालकीण म्हणे, मी काही बहिष्काराला मदत करत नाही, माझ्या कामवालीचा गुडघा दुखतो म्हणून नेते. कामवाली म्हणे, मी काही बहिष्कारात नाही, भांडणं मिटेपर्यंत बसपासून लांब राहते एवढंच. दोघींना सगळं ठाऊक. दोघी एकमेकींना आणि स्वतःच्या घरच्यांना सांभाळून घेत होत्या.

हा चांगुलपणा खरा होता. गाडी खरी होती, वाचलेली पायपीट खरी होती. पण त्या गाडीतही कामवाली मागच्या सीटवर बसायची, आणि महिन्याअखेर हातावर पडायची ती रक्कम तेवढीच राहायची. चांगुलपणाला एक मर्यादा असते, जो दाखवतो त्याला त्याची गैरसोय कुठपर्यंत चालते, ती. ही मर्यादा आपल्या घरातल्या कामवाल्या मावशींच्या वेगळ्या कपाशी लावून पाहिली तर ताबडतोब कळते.

मर्यादा ओलांडणारेही होते, आणि त्यांना काय मोजावं लागलं ते सांगितलंच पाहिजे. ज्युलिएट मॉर्गन शहराच्या वाचनालयात ग्रंथपाल. गोऱ्या, चांगल्या घरातल्या. गाडी चालवायची भीती वाटे म्हणून बसनं जात, आणि म्हणून जे बाकीच्या गोऱ्या बायकांना दिसत नव्हतं ते रोज बघत. पैसे घेऊन बाईला मागे ठेवून बस सुटली की मॉर्गनबाई आपत्कालीन दोरी ओढत. बस थांबली की म्हणत, तिला आत घ्या. १२ डिसेंबर १९५५ रोजी त्यांचं पत्र शहरातल्या वर्तमानपत्रात आलं. बहिष्काराची तुलना त्यांनी गांधीजींच्या मिठाच्या सत्याग्रहाशी केली होती. मग रात्री-बेरात्री फोन, धमक्या, वाचनालयाच्या पुस्तकांवर बहिष्कार. विश्वस्तांनी त्यांना काढून टाकलं नाही, पण पाठीशीही कुणी उघडपणे राहिलं नाही. जुलै १९५७ मध्ये त्यांनी आयुष्य संपवलं. २००५ मध्ये शहरानं मुख्य वाचनालयाला त्यांचं नाव दिलं. काळ्या लोकांच्या चर्चमध्ये पाद्री असलेले रॉबर्ट ग्रेट्झ गोरे होते. ते रोज सकाळी आपल्या गाडीनं माणसं पोचवत. त्यांच्या घरावर दोनदा बॉम्ब टाकले गेले.

लढा शेवटी कोर्टात जिंकला गेला, आणि दावा लावून तो जिंकणाऱ्या चौघींत, पार्क्सच्या आधी पकडल्या गेलेल्या कॉल्व्हिन आणि स्मिथ होत्या. आपल्याकडे ही दोन नावं कुणी घेत नाही. १३ नोव्हेंबर १९५६ चा दिवस विलक्षण होता. माँटगोमेरीच्या कोर्टात शहराचे वकील गाड्यांची ती व्यवस्था बेकायदा ठरवा म्हणून बोलत होते, आणि त्याच दुपारी बातमी आली, की सर्वोच्च न्यायालयानं बसमधला भेदभावच घटनाविरोधी ठरवलाय. स्थानिक न्यायाधीशांनी गाड्या बंद केल्याच. निकालाचा कागद वॉशिंग्टनहून यायला २० डिसेंबर उजाडला. तोवर पाच आठवडे लोक चालत राहिले, शेजाऱ्याच्या गाडीत गल्लीगल्लीनं सोय करून घेत. जिंकलेला हक्क हातात नाही, आणि आजवर चालवलेली सोयही नाही.

कागदावर मिळालेला हक्क पावलांनी मिळवावा लागतो, हे मराठी माणसाला महाडनं शिकवलंय. सार्वजनिक पाणवठे सर्वांना खुले करण्याचा सी. के. बोले यांचा ठराव १९२३ चा. महाड नगरपालिकेनं तळं खुलं केलं १९२४ मध्ये. आणि डॉ. आंबेडकर हजारोंसह चवदार तळ्यावर गेले ते २० मार्च १९२७ रोजी. ती तीन वर्षं तळं खुलं होतं आणि पाणी बंद होतं. न्यूयॉर्कमध्ये शिकलेल्या बाबासाहेबांना दोन्हीकडची ही वीण दिसत होती. १९४६ मध्ये त्यांनी कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून त्यांचे लोक संयुक्त राष्ट्रांकडे करत असलेल्या अर्जाची प्रत मागवली होती.

बसमध्ये परत पाऊल टाकायचं, तर त्याचीही तालीम झाली. चर्चमध्ये खुर्च्या बसच्या रांगांसारख्या मांडल्या, पुढे ड्रायव्हरची खुर्ची. कोणी गोरा प्रवासी झालं, कोणी काळा, कोणी शिव्या देणारा. बघणारे नंतर चर्चा करत. तालमीतही गोंधळ व्हायचे. गोऱ्याची भूमिका करणारा इतका रंगात यायचा, की त्याला आवरावं लागे. शिवी खाणारा कधीकधी अहिंसा विसरून खरोखरच हात उगारायचा. मग पुन्हा पहिल्यापासून. वाटलेल्या सूचनापत्रातल्या गोष्टी अगदी बारीक होत्या. पहिला आठवडा शक्यतो अशा मित्राबरोबर चढा ज्याच्या संयमाची तुम्हाला खात्री आहे. शिवी दिली तर उलटून देऊ नका, ढकललं तर ढकलू नका. आनंद दाखवा, पण जिंकल्याचा गाजावाजा करू नका. आणि एक होती, ती माझ्या मनातून जात नाही: शेजारी बसताना, मग तो गोरा असो की काळा, ‘बसू का?’ म्हणा किंवा ‘माफ करा’ म्हणा. वर्षभर पायपीट केली, घरांवर बॉम्ब झेलले, नोकऱ्या गमावल्या, त्या लोकांनी स्वतःच स्वतःला हे बजावलं.

गोऱ्या पाद्र्यांच्या संघटनेला विनंती केली होती, की तुम्हीही तुमच्या लोकांना सौजन्यानं वागण्याचं साधं आवाहन करा. पुष्कळांना पटत होतं, पण यात पडायची बहुतेकांची हिंमत झाली नाही. तयारी एकाच बाजूनं झाली. २१ डिसेंबरला बस एकत्र झाल्या, आणि आठवड्याच्या आत बसवर गोळ्या झाडल्या जाऊ लागल्या. रोझा जॉर्डन नावाची २२ वर्षांची गरोदर स्त्री दोन्ही पायांत गोळ्या लागून जखमी झाली. १० जानेवारी १९५७ च्या पहाटे चार चर्चवर आणि दोन घरांवर बॉम्ब पडले. पार्क्स यांची शिवणकामाची नोकरी आधीच गेली होती. काम मिळेना, धमक्या थांबेनात. ऑगस्ट १९५७ मध्ये त्या कुटुंबासह डेट्रॉइटला निघून गेल्या.

बोलण्याचंही सांगायला हवं. दक्षिणेत गोऱ्याला मिस्टर किंवा मिसेस म्हणायचं, आणि काळ्या माणसाला, तो साठीचा असला तरी, पहिल्या नावानं हाक मारायची. आपल्याकडे अरे-तुरे आणि अहो-जाहो यांत जे अंतर आहे तेच. जून १९६३ मध्ये अलाबामातल्या गॅड्सडेन इथं मेरी हॅमिल्टन या कार्यकर्तीला सरकारी वकिलानं कोर्टात नुसतं ‘मेरी’ म्हणून प्रश्न विचारला. त्या म्हणाल्या, मला योग्य रीतीनं संबोधल्याशिवाय मी उत्तर देणार नाही. न्यायाधीशांनी अवमान ठरवून ५ दिवस कैद आणि ५० डॉलर दंड केला. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि १९६४ मध्ये तो निर्णय रद्द झाला. ‘मिस हॅमिल्टन’ या दोन शब्दांसाठी देशाच्या सर्वोच्च न्यायालयाला लेखणी उचलावी लागली. साध्या बोलण्यात काय आहे, असं कुणी म्हटलं की मला ही केस आठवते.

बसनंतर काय? १९५७ मध्ये गिलमोर यांचा मुलगा मार्क घरी येताना ओक पार्क या बागेतून चालत गेला. बाग गोऱ्यांची. पोलिसांनी त्याला मारलं. गिलमोर आणि इतरांनी शहरावर दावा लावला. बाग सर्वांना उघडावी लागणार हे दिसताच शहरानं १ जानेवारी १९५९ पासून सगळ्याच बागा सगळ्यांसाठी बंद केल्या. ओक पार्कमधलं प्राणिसंग्रहालय मोडलं, पोहण्याचा तलाव बुजवला. बागा उघडल्या १९६५ मध्ये. तलाव परत झाला नाही. दरम्यान शहरानं एका खासगी संस्थेशी गुपचूप करार करून पोहणं-खेळणं तिच्याकडे सोपवलं होतं. तिथं फक्त गोऱ्या मुलांना प्रवेश. हे कोर्टात उघड व्हायला १९७० उजाडलं. आणि १९७४ मध्ये ‘गिलमोर विरुद्ध माँटगोमेरी शहर’ हा खटला सर्वोच्च न्यायालयात होता, तेव्हा प्रश्न असा होता, की भेदभाव टाळण्यासाठी निघालेल्या गोऱ्यांच्या खासगी शाळांना शहर सार्वजनिक मैदानं खास राखून देऊ शकतं का. नाही, असं न्यायालय म्हणालं.

तलाव बुजवणं हे एका शहरापुरतं नव्हतं. मिसिसिपीतल्या जॅक्सन शहरानंही तलाव बंद केले, आणि १९७१ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ५ विरुद्ध ४ मतांनी ते चालवून घेतलं: सगळ्यांसाठी बंद केलं, मग भेदभाव कुठला? पोहणं आईबापांकडून मुलांकडे जातं. ज्या आजीला पाण्यात उतरू दिलं नाही तिच्या मुलीला पोहता येत नाही, आणि ती आपल्या मुलाला पाण्यापासून लांबच ठेवते. आज अमेरिकेत १० ते १४ वयाची कृष्णवर्णीय मुलं पोहण्याच्या तलावांत बुडून मरण्याचं प्रमाण गोऱ्या मुलांच्या ७.६ पट आहे. नियम उठून साठ वर्षं झाली. मूल मात्र अजून बुडतं.

पैशाचंही तसंच. २०२२ मध्ये अमेरिकेतल्या क्रमानं मधोमध येणाऱ्या गोऱ्या कुटुंबाची मालमत्ता सुमारे २,८५,००० डॉलर होती, कृष्णवर्णीय कुटुंबाची सुमारे ४५,०००. पगाराचं अंतर याहून कितीतरी कमी आहे. हे अंतर घराचं आहे. १९३४ पासून सरकारी हमीच्या गृहकर्जांनी गोऱ्यांना घरं मिळवून दिली आणि काळ्या वस्त्या नकाशावर धोक्याच्या म्हणून रंगवून वगळल्या. ज्याच्या आजोबांना घर मिळालं त्याच्या नातवाला कॉलेजची फी मिळाली.

एक गोष्ट मराठी वाचकांना, विशेषतः तिकडे राहणाऱ्यांना, आवर्जून सांगावीशी वाटते. १९६५ पर्यंत भारतातून वर्षाला जेमतेम शंभर माणसांना अमेरिकेत कायमचं राहायला येता येत होतं. ३ ऑक्टोबर १९६५ ला ज्या कायद्यावर सही झाली आणि दार उघडलं, तो याच हक्कांच्या लाटेवर आला. न्यू जर्सीतल्या गणपतीच्या मांडवापर्यंत आपण पोचलो त्या रस्त्यावर माँटगोमेरीच्या मोलकरणींच्या चपला झिजल्या आहेत. मग आपल्याच घरात जेवताना कुणी ‘त्या वस्तीत घर घेऊ नका, तिथं काळे फार’ असं म्हणतं तेव्हा गप्प बसणं मला मोठी कृतघ्नता वाटते. तिथल्या तिथं, शांतपणे, ‘असं नका म्हणू काका’ इतकं म्हणता येतं. त्यासाठी तालीम लागते, चर्चमधल्या त्या खुर्च्यांसारखी. ऐनवेळी शब्द सुचत नाहीत, ते आधी ठरवून ठेवावे लागतात.

गिलमोर यांनी आयुष्यभर स्वयंपाक केला. मार्च १९९० मध्ये मतदानाच्या हक्कासाठी निघालेल्या सेल्मा ते माँटगोमेरी मोर्चाला २५ वर्षं होत होती, आणि मोर्चाची आठवण म्हणून चालत येणाऱ्यांसाठी त्या पहाटेच उठून चिकन आणि मॅकरोनी-चीज करत होत्या. स्वयंपाक चालू असतानाच त्यांना बरं वाटेनासं झालं, आणि त्या गेल्या. घरच्यांनी ते अन्न टाकलं नाही. भेटायला येणाऱ्यांना वाढलं.